बाळाचे वजन आणि आईचे ताट

पुणे जिल्ह्यातल्या पठारावरच्या आणे गावात रंगदासस्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीच्या पंगती उठतात. पठारावरची माणसे तशी काटक. पाऊस बेताचा, कष्ट मात्र वर्षभर. 'मधुमेह शहरातल्या सुखवस्तू लोकांना होतो, आपल्याला कुठला?' ही समजूत अशा गावांतून पक्की होती. तिला धक्का देणारे संशोधन आपल्याच जिल्ह्यात झाले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते. पुस्तकातला रुग्ण लठ्ठ आणि उतारवयाचा. समोर येणारे मात्र कमी वयाचे आणि अंगाने बारीक. त्याच सुमारास ब्रिटनचे डॉ. डेव्हिड बार्कर सांगत होते की, प्रौढपणीच्या आजारांची बीजे आईच्या पोटात पेरली जातात. हे पडताळायचे तर गरोदरपणाच्याही आधीपासून सुरुवात हवी होती.

1993 साली पुण्याजवळच्या सहा दुष्काळी, शेतीवर जगणाऱ्या गावांत काम सुरू झाले. इंग्लंडच्या डॉ. कॅरोलिन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांची साथ होती. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या पाळीची नोंद दर महिन्याला ठेवली जाई. दिवस गेले की खाणे, कामाचा बोजा आणि रक्त यांची तपासणी होई. या बायांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन होते जेमतेम 42 किलो.

बाळे जन्मली ती सरासरी पावणेतीन किलोच्या आत. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. पण चिमट्यासारख्या मापकाने खांद्याच्या पात्याखालची त्वचा मोजली, तेव्हा खरा पेच समोर आला. आपल्या बाळांत स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र जवळजवळ टिकून. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार! 2003 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी याज्ञिकांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन आणि ते, उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

आहाराच्या नोंदींनीही चकवले. आईच्या पोटात किती उष्मांक आणि प्रथिने गेली, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळे खाणाऱ्यांची बाळे मात्र अंगाने भरलेली होती. जास्त कष्ट उपसणाऱ्यांची बाळे लहान भरली. म्हणजे नुसते पोट भरून भागत नव्हते; ताटात काय आहे आणि डोक्यावर किती हंडे आहेत, हेही महत्त्वाचे होते.

मुले सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक धागा हाती लागला. निम्म्याहून जास्त आयांच्या रक्तात जीवनसत्त्व बी-12 कमी होते. ते दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळते, भाजी-भाकरीतून नाही. बी-12 कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त अशा आयांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक निघाले. नवव्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत बी-12 कमी असलेल्या आयांची मुले स्मरण आणि एकाग्रतेत मागे पडली. अठराव्या वर्षी, अंगाने बारीक असूनही, चारांतल्या एकाहून जास्त जणांची साखर बिघडलेली होती.

मात्र नुसत्या निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. म्हणून 2012 साली याच मुलामुलींना, ती किशोरवयात असताना, बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. ज्यांची मापे जन्मताच घेतली होती त्या मुली आता स्वतः आई झाल्या. नातवंडांच्या पिढीच्या जन्मवजनात फारसा फरक पडला नाही. पण नुसते बी-12 घेतलेल्यांच्या मुलांचे आकलन आणि भाषा यांतले गुण सरस आले. तपासलेली मुले थोडी होती, तेव्हा हा शेवटचा शब्द नव्हे.

तरीही या तीन दशकांनी एक गोष्ट सुचवली आहे. डोहाळजेवणाच्या ताटाला फार उशीर झालेला असतो. घरातली मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या वाट्याचे दूध, अंडे आणि पालेभाजी तिला रोज मिळते का, हे आजच पाहा.