27 प्रश्नांचा खर्च कोणावर?

इंग्लंड आणि वेल्समध्ये घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीवर पोलीस घरी पोहोचले की मारहाण करणाऱ्याला बाजूला करतात आणि बाईला प्रश्नांची एक यादी विचारतात. 2009 पासून अनेक पोलीस दलांत वापरात असलेल्या या यादीला 'डॅश' म्हणतात. पोलिसांच्या नमुन्यात 27 प्रश्न आहेत. उत्तरांवरून आणि स्वतःच्या अंदाजावरून पोलीस ठरवतात की पुढे तिला असलेला धोका सर्वसाधारण आहे, मध्यम आहे की गंभीर. ज्यांना हे प्रश्न कधी विचारले गेले नाहीत, त्यांच्यातच या कामाबद्दलचे गैरसमज जास्त आढळतात.

"घरातल्या भांडणासाठी पोलिसांचा वेळ आणि लोकांचा पैसा कशाला घालवायचा?" हा त्यातला सगळ्यात जुना. ब्रिटिश गृहखात्याने 2019 मध्ये या हिंसाचाराचा हिशेब मांडला. मार्च 2017 ला संपलेल्या वर्षातल्या पीडितांमागे समाजाला बसलेला फटका सुमारे 66 अब्ज पौंडांचा निघाला. त्यात पोलिसांचा वाटा जेमतेम सव्वा अब्ज. दवाखाने आणि रुग्णालयांवर त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे 2.3 अब्ज पौंड खर्च झाले. पीडितांना कामावर जाता आलं नाही, हातून काम कमी झालं, त्याचे 14 अब्ज. पोलिसांनी विचारपूस केली नाही म्हणून यातला एक पौंडही वाचत नाही. तो आज नाही तर उद्या, दुसऱ्या खात्याच्या वहीत चढतो.

हाच आकडा उलट्या बाजूनेही चुकीचा सांगितला जातो. 66 अब्ज पौंड सरकारी तिजोरीतून गेले, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. त्यातले 47 अब्ज म्हणजे भीती, वेदना आणि मनावरच्या जखमा यांचं पैशात मांडलेलं मोल. हा भार त्या बायकांनी, आणि पुरुषांनीही, स्वतः वाहिला. पोलीस, आरोग्य, न्यायालयं आणि पीडितांसाठीच्या सेवा मिळून रक्कम पाच अब्जांच्या आत राहते. त्या सेवांतही धर्मादाय संस्थांचा पैसा आणि स्वयंसेवकांचा वेळ धरलेला आहे. हिंसा घडण्याआधीच्या प्रतिबंधावरचा खर्च याच हिशेबात सुमारे 60 लाख पौंड एवढाच दिसतो. मला या सगळ्या अहवालात सर्वात जास्त खटकणारी ओळ हीच वाटते.

"प्रश्न भोचक आहेत, नुसता फॉर्म भरायचा म्हणून विचारतात," असंही म्हणतात. तू गरोदर आहेस का? गेल्या वर्षभरात वेगळं होण्याचा प्रयत्न केलास का? त्याने कधी गळा दाबला का? जीव देण्याची धमकी दिली का? घरातल्या मुक्या जनावराला छळलं का? यातला एकही प्रश्न उगाच आलेला नाही. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जॅकलिन कॅम्पबेल यांनी 1980 च्या दशकात धोका मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि पुढे अशा खुनांचा बारकाईने अभ्यास झाला. 2008 च्या एका अभ्यासात आढळलं की ज्या बाईचा जोडीदाराने आधी गळा दाबला होता, तिचा त्याच्याकडून खून होण्याची शक्यता सातपटीहून अधिक होती. गळा दाबल्याचा वळ अनेकदा उमटतच नाही. डोळ्यांना दिसत नाही ते विचारावंच लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये जून 2022 पासून गळा दाबणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

वेगळं होण्याचा प्रश्नही तसाच. घर सोडलं की सुटली, असं माहेरचे समजतात, शेजारी समजतात. प्रत्यक्षात निघण्याचा काळ आणि त्यानंतरचे काही महिने फार घातक असतात, कारण ताबा सुटतोय हे त्याला कळलेलं असतं.

मग 'हो' कमी आले तर निश्चिंत व्हायचं का? अजिबात नाही, आणि इथे व्यवस्थेचीही बाजू लंगडी आहे. अनेक ठिकाणी 14 'हो' आले की प्रकरण पोलीस, आरोग्य, घरं आणि बालकल्याण या खात्यांच्या एकत्र बैठकीत जातं. अशी पहिली बैठक 2003 मध्ये कार्डिफला सुरू झाली. पण 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं की 'डॅश'वरून पोलिसांनी ठरवलेली पायरी पुढच्या हिंसेचा अंदाज बांधण्यात कच्ची ठरते. घाबरलेली बाई, शेजारच्या खोलीत तो, झोपेतून उठलेली मुलं: अशा वेळी मिळालेलं 'नाही' हे नेहमी खरं 'नाही' नसतं. स्पेनमध्ये 2007 पासून 'व्हिओजेन' नावाची संगणकप्रणाली धोक्याची पातळी ठरवते आणि पोलिसांना ती वाढवता येते. त्यांनी यंत्राचंच उत्तर प्रमाण मानलं, तर या मुभेचा काही उपयोग उरत नाही.

म्हणून काटकसर नेमकी कुठे महागात पडते ते पाहायला हवं. प्रश्नावलीचा खर्च किरकोळ आहे. त्यानंतर लागणारी सल्लागार, निवारा, बदललेलं कुलूप आणि पुन्हा पुन्हा येणारा फोन यांना पैसे लागतात. कात्री तिथे लागली, तर 27 उत्तरं फायलीत पडून राहतात. गृहखात्याच्या त्याच हिशेबात अशा एका खुनामागे 22 लाख पौंड धरले आहेत.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी बायकांसाठी काही गोष्टी. या चौकशीसाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो आणि त्याचा खर्च पोलीस करतात. दुभाषी म्हणून सासू, दीर किंवा मुलाला बसवू देऊ नका. आणि तक्रार केली की व्हिसा गेला, ही धमकी असते. जोडीदाराच्या आधारावरच्या ठरावीक व्हिसांवर असलेल्या पीडितांना तीन महिन्यांची स्वतंत्र परवानगी मागता येते आणि त्या काळात सरकारी मदतही घेता येते.

आपल्याकडे, भारतात, अशी तरतूदच नाही, हाही गैरसमज आहे. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या 2006 च्या नियमांनुसार संरक्षण अधिकाऱ्याने परिस्थितीतला धोका तपासून, बाईशी बोलून, नमुना 5 मध्ये सुरक्षा आराखडा करायचा आहे. तिला कशाची भीती वाटते, यासाठी त्यात वेगळा रकाना आहे. न्यायालयात अर्ज करताना हा आराखडा झाला का, हे संरक्षण अधिकाऱ्याला जरूर विचारा.