कोयत्याची धार आणि उसाचा बुडखा



ऊसतोडीला टोळी आली, की आपण वाहन कधी मिळेल, पाळी कधी येईल हे विचारतो. कोयत्याला धार आहे का, हे सहसा विचारत नाही. पण उसाचे वजन, साखर आणि पुढचा खोडवा या तिन्ही गोष्टी त्या धारेशी बांधलेल्या आहेत.

उसात साखर बुडाकडे जास्त आणि वाढ्याकडे कमी असते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा असे आम्ही वारंवार सांगतो. कोयता बोथट असला की एका घावात ऊस तुटत नाही. मग तोडणारा चार बोटे वर घाव घालतो. एकरी ४० हजार ऊस धरले आणि प्रत्येकामागे ५० ग्रॅमचा बुडखा रानात राहिला, तर हिशेब २ टनांवर जातो. शिवाय बोथट घावाने बुडखा चिरतो, चेचतो. त्यातून रोग शिरतो. उंच राहिलेल्या बुडख्याचे वरचे डोळे फुटतात, ते फुटवे जमिनीत नीट मुळे धरत नाहीत आणि खोडवा विरळ होतो.

तोडणाऱ्याचेही नुकसान आहेच. आपल्याकडे नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. त्यांची मजुरी टनावर असते. एका घावाच्या जागी दोन घाव पडले, तर दिवसभरात मनगट आणि कंबर किती भरून येत असेल, याचा विचार व्हावा.

धार कशी लावावी

१) कोयता लाकडी ठोकळ्यावर पक्का दाबून धरावा. कानशीला मूठ असावी. नुसत्या टोकाने तळहात फाटतो. हाताला जाड फडके गुंडाळावे.

२) धारेच्या मूळ उतारावर शाई किंवा काजळी फासावी. कानस दोनदा फिरवून पाहावे. काळे फक्त वर पुसले, तर कानस फार सपाट धरली आहे; फक्त कडेला पुसले, तर फार उभी. सगळा उतार सारखा पुसला म्हणजे हात बरोबर बसला. नवशिक्याला यासारखा गुरू नाही.

३) कानस पुढे ढकलताना दाब द्यावा, मागे आणताना उचलावी. मागेपुढे घासल्याने कानशीचे दाते मरतात.

४) एका बाजूने घासत गेले की दुसऱ्या बाजूला बारीक कणी वळते. बोटाच्या पेराने पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलके चाचपले की ती खरखरीत लागते. मुठीपासून टोकापर्यंत कणी आली, मगच बाजू बदलावी. कोयता एकाच अंगाने उताराचा असेल तर तो तसाच ठेवावा. दुसऱ्या अंगाची नुसती कणी काढावी.

५) शेवटी धारेच्या दगडाची बारीक बाजू पाण्याने भिजवून दोन्हीकडून हलका हात फिरवावा. कणी राहिली, तर पहिल्या काही घावांतच ती दुमडते आणि ‘धार टिकत नाही’ अशी ओरड होते.

धार अंगठ्यावर ओढून पाहू नये. कोयता उजेडात धरावा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते; खरी धार दिसतच नाही.

फार पातळ धारही कामाची नाही. ऊस टणक, त्यात माती आणि खडे. पातळ धार लगेच खांडते. विजेच्या चाकावर धार लावली तर पाते पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवावे. धारेवर निळसर झाक आली, म्हणजे लोहाराने दिलेले पाणी उतरले. असे पाते कितीही घासले तरी धार धरत नाही. ते पुन्हा भात्यावरच न्यावे लागते.

आपल्या फडात टोळी उतरेल त्या दिवशी बांधावर एक कानस, एक दगड आणि बादलीभर पाणी ठेवावे. दुपारच्या भाकरीच्या वेळी प्रत्येक कोयत्यावर चार हात फिरले, तरी संध्याकाळपर्यंत तोड खाली राहते. खर्च थोडका आहे. फायदा आपल्या काट्यावर आणि खोडव्यात दिसेल.