गिटारचा टोन आणि कानातली दरी

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. हेडफोन लावून मी लॅपटॉपच्या पडद्यावर इक्वलायझरची एकच पट्टी वरखाली करत बसलो होतो. 'क्वीन' या ब्रिटिश बँडचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ सालचं गाणं. त्यातल्या ब्रायन मे यांच्या गिटारचा तो गोड, थोडासा रडवा नाद मला घरी उतरवायचा होता. तीन आठवड्यांनी वाटलं, जमलं. मुलीला ऐकवलं. तिने दहा सेकंदांत हेडफोन काढून ठेवले. "बाबा, कानाला टोचतंय हे. ओरिजिनल असं नाहीये."

तिचं बरोबर होतं. पण हे मला पटायला कानाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं.

आधी त्या नादाविषयी. रेकॉर्डवर ऐकू येणारा गिटारचा 'टोन' एका यंत्राचा नसतो, ती साखळी असते. मे यांची गिटारही दुकानातली नाही. १९६३ पासून दोनेक वर्षं खपून त्यांनी ती वडिलांच्या मदतीने घरीच बनवली. तिची दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आहे. (हेच मे पुढे २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून खगोलभौतिकीत डॉक्टर झाले, आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला. बढाई म्हणून सांगत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.) गिटारनंतर येतो ट्रेबल बूस्टर, म्हणजे वरचे सूर उचलून देणारी छोटी डबी. मग 'व्हॉक्स एसी-३०' हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, तोही पूर्ण आवाजावर. पुढे त्याचे दोन बारा इंची स्पीकर, समोरचा माइक आणि ती खोली.

पूर्ण आवाजावर का? व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला, की विद्युतलहरीचे माथे चपटे होतात. लहरीचा आकार बदलला की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे नवे सूर त्यात उमटतात. तानपुऱ्याची जवारी लावल्यावर एका तारेतून सुरांचा झुबका निघतो, तसंच काहीसं. कारण वेगळं, पण कानाला मिळणारी श्रीमंती त्याच जातीची. अडचण एवढीच, की हे माथे चपटे व्हायला ॲम्प्लिफायर गरजावा लागतो. आमच्या सोसायटीत एकदा गरजला. दुसऱ्यांदा वेळ आली नाही.

इथे डिजिटल मॉडेलिंग कामाला येतं. संगणकाच्या दृष्टीने साखळीतला स्पीकरचा भाग सोपा. विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी वाजवून तिचे पडसाद नोंदवले, तर त्या नोंदीवरून कोणताही आवाज गणिताने गोलघुमटात 'नेता' येतो. स्पीकर आणि माइकची अशीच टाळी एकदा घेतली की झालं, कारण दुप्पट आवाज दिला तर बाहेरही साधारण दुप्पटच येतो. व्हॉल्व्हचं तसं नाही. दुप्पट दिलं तर दुप्पट येत नाही, आकारच बदलतो, म्हणून एका टाळीवर भागत नाही. मग मार्ग दोन. एक, सर्किटमधल्या सुट्या भागांची समीकरणं मांडून ती सोडवायची. दुसरा अलीकडचा : ॲम्प्लिफायरमध्ये काही मिनिटांचा चाचणी-सिग्नल सोडायचा, बाहेर काय आलं ते नोंदवायचं आणि आत गेलेल्या आवाजापासून बाहेरचा आवाज कसा बनवायचा, हे न्यूरल नेटवर्कला शिकवायचं. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' हे त्यातलं मोफत मिळणारं सॉफ्टवेअर. सेकंदाला ४८,००० आकडे, आणि प्रत्येकाचं उत्तर बोट तारेवर असतानाच हवं. दहा मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. तेवढं चालतं. त्याहून फार वाढलं की हात अडखळतो.

थोडक्यात, साखळी माझ्याकडे नीट जमली होती. बिघडली होती ती तिची शेवटची कडी, माझा कान.

डॉक्टरांनी ऑडिओमेट्री करून आलेख समोर ठेवला. बाकी रेषा बऱ्यापैकी सरळ, पण ४,००० हर्ट्झपाशी दरी पडलेली. "मोठ्या आवाजात काम करता का?" त्यांनी विचारलं. काम नाही, पण कॉलेजात असताना दहा बाय बाराच्या खोलीत व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरसमोर तासन्‌तास, कानात काही न घालता वाजवलं होतं. रात्री निजताना कानात बारीक शिट्टी वाजायची. सकाळी थांबायची म्हणून आम्ही ती मोजत नव्हतो.

मोठ्या आवाजाने होणारी इजा बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच आधी दिसते. कानाची नळी साधारण ३,००० हर्ट्झच्या भोवतालचे सूर वाढवून आत पाठवते, आणि मार बसतो तो त्याच्या किंचित वरच्या पट्टीतल्या केसपेशींना. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि गिटारच्या स्पीकरची धार असते तीही २,००० ते ५,००० हर्ट्झच्या दरम्यान. म्हणजे जो नाद मला शोधायचा होता, त्याचीच खिडकी मी स्वतः बंद केली होती.

पण मूळ रेकॉर्ड आणि माझी नक्कल, दोन्ही मी याच कानांनी ऐकत होतो. मग चूक दोन्हीकडे सारखी होऊन खपून जायला हवी होती ना? मीही डॉक्टरांना हेच विचारलं. ते म्हणाले, रात्री हळू आवाजात ऐकत होतात. दरीतले सूर तुमच्या ऐकण्याच्या उंबरठ्याखाली होते. पट्टी थोडी वर केली तरी तुम्हाला फरक कळला नाही, म्हणून आणखी वर केली. ऐकू येऊ लागली तोवर इतरांसाठी ती टोचायला लागली होती.

हिशेबही समजून घेतला. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, ११० ला जेमतेम दीड. पूर्ण आवाजावरचा तीस वॉटचा ॲम्प्लिफायर बंद खोलीत ११० सहज ओलांडतो. आमची एक तालीम तीन तास चालायची.

मॉडेलिंगमध्ये माथे चपटे करणं वेगळं आणि शेवटचा आवाज वेगळा, त्यामुळे गरजणारा नाद कुजबुजीत मिळतो. मात्र हेडफोनवर शेजारी तक्रारीला येत नाही, म्हणजे लगामही नाही. मी आता आवाज सुरुवातीला ठरवतो आणि नंतर त्याला हात लावत नाही. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा दडे बसल्यासारखं वाटलं, तर ती थकव्याची खूण समजू नका. मर्यादा ओलांडल्याची समजा. पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासणी करून घ्या.

बाकी टोनचं म्हणाल, तर पट्ट्या आता मुलगी फिरवते. रेकॉर्डचा आणि माझा आलेख पडद्यावर एकावर एक ठेवून मी डोळ्यांनी बघतो, ती कानांनी ठरवते. टोचणं गेलं, तरी प्रत्येक सुराच्या सुरुवातीची ती किंचित खरखर येत नव्हती. ती कुठल्याच मॉडेलमध्ये नाही. मे प्लास्टिकच्या पिकऐवजी सिक्सपेन्सचं जुनं नाणं वापरतात आणि त्याची दातेरी कड तारेवर घासते. आईच्या डब्यात चलनातून गेलेलं चार आण्याचं नाणं सापडलं, कडेला दाते असलेलं. मुलगी म्हणाली, "आता जवळ आलंय."