चाकांवरच्या घराची पाण्याची टाकी

पाण्याची टाकी घराच्या डोक्यावर असावयाची, ही गोष्ट आपण शहरांतील मंडळी इतकी गृहीत धरून बसलों आहों कीं, ती दुसरीकडे कोठें असूं शकेल असा विचारहि आपल्या मनांत येत नाहीं. पाणी उंचावरून खालीं येतें, म्हणून टाकी गच्चीवर. परंतु ज्या घराला चाकें आहेत, जें ताशीं 80-90 किलोमीटर वेगानें धांवतें आणि घाटांत वळणें घेतें, त्या घराची टाकी डोक्यावर ठेवून चालत नाहीं. ती पोटाखालीं बांधणेंच बरें. ती तेथें कां बांधावयाची, कशी बांधावयाची आणि बांधणी कच्ची राहिली तर काय ओढवतें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हें चाकांवरचें घर म्हणजे कॅम्पर व्हॅन. फोर्ड ट्रान्झिट, फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर या मूळच्या माल वाहणाऱ्या बंद मोटारी. युरोपांत आणि विशेषतः इंग्लंडांत अशी जुनी मोटार विकत घेऊन तींत बिछाना, शेगडी व हात धुण्याचें भांडें बसविण्याचा नाद पुष्कळांना आहे. कारखान्यांतून तयार झालेल्या मोटारी मिळतात, पण सारें काम स्वतःच्या हातानें करणारे हौशी लोकहि थोडे नाहींत. आपल्या महाराष्ट्र सरकारनेंहि 2021 सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हां हा विषय आपल्याला अगदींच परका उरलेला नाहीं. माझा एक भाचा इंग्लंडांत असतो. त्यानें अशी एक मोटार घेतली आणि टाकी कोठें बसवावी असें मला विचारलें. मला मोटार चालवितांहि येत नाहीं. परंतु तरफेचा नियम मीं शाळेंत वर्षानुवर्षें शिकविला आहे, आणि त्याचा प्रश्न मोटारीचा कमी व तरफेचा जास्त होता.

आधीं आपल्या आगगाडीचें उदाहरण घ्या. पेरांबूरच्या कारखान्यांतील जुन्या धर्तीच्या डब्यांत पाण्याच्या टाक्या छपरालगत, शौचकूपांच्या डोक्यावर असतात. तोटी दाबली कीं पाणी आपोआप येतें. नव्या एल. एच. बी. डब्यांत मोठ्या टाक्या डब्याच्या तळाखालीं लटकविलेल्या असतात, आणि पंप तें पाणी वर चढवितो. एक पंप वाढला, पण वजन खालीं आलें. कॅम्पर व्हॅनचा हिशोब हाच. टाकी खालीं गेल्यानें आंतील जागा वाचते, गाडीचा गुरुत्वमध्य खालीं येतो आणि वळणावर गाडी कमी कलते. त्याबद्दल 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा एक लहानसा पंप पदरीं बाळगावा लागतो. हा सौदा मला फायद्याचा वाटतो.

आतां वजनाकडे वळूं. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, हें लहान मुलालाहि ठाऊक असतें. पण टाकी विकत घेतांना मोठ्या माणसांना तें आठवत नाहीं. 80 लिटरांची टाकी भरली म्हणजे एक चांगला धट्टाकट्टा प्रवासी गाडींत बसला, आणि तोहि गाडीखालीं लोंबकळत. अशा पुष्कळ मोटारींची एकूण वजनाची मर्यादा 3500 किलो असते. तींत मोटार, फळ्या, पलंग, बॅटरी, माणसें आणि पाणी सारेंच बसवावयाचें असतें. शिवाय एकूण वजनाची एक मर्यादा आणि प्रत्येक आंसाची दुसरी. पहिली पाळली व दुसरी ओलांडली, असें सहज होतें. तें कसें, पाहा.

समजा, मोटारीच्या पुढच्या व मागच्या आंसांमधील अंतर 3.6 मीटर आहे आणि टाकींत 80 लिटर पाणी आहे. टाकी बरोबर मध्यावर टांगली, तर दोन्ही आंसांवर 40-40 किलो भार वाढेल. परंतु पुष्कळ मोटारींत स्टेपनीची जागा मागच्या चाकांच्याहि मागें असते, आणि स्टेपनी काढून तेथें टाकी बसविण्याचा मोह होतो. ही टाकी मागच्या आंसापासून 90 सेंटिमीटर मागें आली, तर तो आंस टेकू होतो आणि गाडी तरफ होते. मागच्या आंसावर 100 किलो वाढतात व पुढच्या आंसावरचे 20 किलो कमी होतात. 80 किलोंचे 100 कसे झाले? उरलेले 20 पुढून उचलले गेले. सुकाणूची चाकें पुढचीं. डुकाटोसारख्या मोटारींत तर गाडी ओढणारीं चाकेंहि तींच. त्यांच्यावरचा भार हलका झाला कीं ओल्या रस्त्यावर त्यांची पकड तेवढी कमी झाली. म्हणून जागा मिळत असेल तर टाकी दोन आंसांच्या मध्यें घ्यावी, आणि काम संपल्यावर टाकी भरून गाडी वजनकांट्यावर नेऊन दोन्ही आंस वेगवेगळे तोलून घ्यावे.

अर्ध्या टाकीची गोष्ट निराळीच आहे. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला विचारा, भरली घागर बरी कीं अर्धी. अर्धवट भरलेल्या टाकींत ब्रेक दाबतांच पाणी पुढें आदळतें, वळणावर बाजूला जातें आणि मागून परत येतें. यासाठीं चांगल्या मोठ्या टाकींत आडभिंती घातलेल्या असतात. त्या नसतील तर पसरट व रुंद टाकीपेक्षां गाडीच्या लांबीला धरून बसणारी अरुंद टाकी निवडावी, म्हणजे वळणावरचा हिसका तरी कमी होतो.

टांगणें हा या कामाचा प्राण आहे, आणि येथेंच हलगर्जीपणा होतो. उभ्या गाडींत टाकीचा भार 80 किलो खरा. पण चाक खड्ड्यांत आपटलें कीं तोच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो, आणि जोरानें ब्रेक लावला तर पाणी पुढच्या बाजूस साठ-पासष्ट किलोंचा रेटा देतें. असे हजारों हिसके वर्षभर बसतात. टाकी बहुधा पॉलिथीनची असते. या द्रव्याचा एक अवगुण असा कीं, सततच्या दाबाखालीं तें हळूहळू वाकत व पसरत जातें. म्हणून टाकीच्या कानांना नुसते बोल्ट लावून ती लोंबकळत ठेवूं नये. खालून पोलादी अँगलची चौकट किंवा रुंद पट्ट्या द्याव्या, मध्यें रबराचा थर घालावा, म्हणजे पट्टी टाकीला कापीत नाहीं. पुढें सरकूं नये म्हणून चौकटीला पुढून व मागून अडसरहि हवा.

ही चौकट गाडीच्या कशाला बांधावयाची? गाडीच्या तळाचा पत्रा वरून भक्कम दिसला तरी तो पातळ असतो, त्याच्यावर भरंवसा ठेवूं नये. तळाला लांबीच्या बाजूनें जाणारे जे पोकळ पोलादी वासे असतात, भार त्यांच्यावर द्यावा. त्यांना कारखान्यानेंच पाडलेलीं भोकें पुष्कळ ठिकाणीं असतात; तीं वापरावीं. नवीं भोकें पाडणें किंवा वेल्डिंग करणें, हें मोटार बनविणाऱ्या कंपनीच्या पुस्तकांत तशी परवानगी असल्याखेरीज करूं नये, कारण त्या पोलादाचें बळ उष्णतेनें कमी होतें आणि उघड्या कडेला गंज धरतो. इंग्लंडांत हिंवाळ्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, तेथें तर गंजाला आमंत्रणच. नट साधे न घेतां आंत नायलॉनचें कडें असलेले घ्यावे. ते हादऱ्यांनीं सैल होत नाहींत. तरीहि पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर प्रत्येकाला पाना लावून पाहावा. वेगानें जाणाऱ्या मोटारीखालून टाकी सुटली, तर तिचा मालक पुढें निघून जातो. ती आदळते मागून येणाऱ्यावर, आणि त्या बिचाऱ्याचा या हौसेशीं कांहीं संबंध नसतो.

आणखी एक सूचना, हीहि जिवाचीच. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं कधींहि शिरूं नये. भक्कम पोलादी घोड्या सपाट, टणक जमिनीवर लावाव्या, चाकांना अटकाव घालावा, गाडी हालवून पाहावी, आणि मगच खालीं जावें.

जागा निवडतांना शेजारी कोण आहे तें पाहावें. धुराची नळी हा वाईट शेजारी. हल्लींच्या डिझेल मोटारींत धुरांतील काजळी अडविणारी गाळणी असते. सांठलेली काजळी जाळतांना तिच्यांत सुमारे 600 अंश सेल्सियस उष्णता निर्माण होते, आणि टाकीचें पॉलिथीन सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतें. ब्रेकच्या नळ्या, इंधनाची नळी, हँडब्रेकची तार यांना टाकी घासतां कामा नये. टाकीचा तळ गाडीच्या इतर भागांखालीं फार उतरूं देऊं नये, नाहीं तर पहिल्याच दगडाचा मान तिला मिळतो.

टाकीला चार वाटा लागतात: पाणी भरण्याची, पंपाकडे जाण्याची, तळाशीं रिकामी करण्याची आणि हवेची. पहिल्या तीन कोणी विसरत नाहीं. चौथीचें महत्त्व मात्र आपल्या गृहिणींना अधिक ठाऊक आहे. गोडेतेलाच्या डब्याला त्या दोन भोकें पाडतात, कारण एका भोकांतून तेल गचके देत येतें. हवेची नळी नसेल किंवा चिमटली असेल, तर भरतांना पाणी उसळून बाहेर येतें, आणि उपसतांना पंप हवा ओढून टाकीच्या भिंती आंत खेंचतो. ही नळी टाकीच्या माथ्यापासून निघून भरण्याच्या तोंडाहून उंच जावी, व तिच्या टोंकाला बारीक जाळी असावी. हे सारे सांधे टाकी जमिनीवर असतांनाच जोडून, ती पाण्यानें भरून, रात्रभर ठेवून पाहावे. एकदां वर चढली कीं हात पोंचत नाहीं.

थंड मुलुखांत आणखी एक शत्रु आहे. पाणी गोठतांना सुमारें 9 टक्के फुगतें. भरलेली टाकी गोठावयाला वेळ लागतो. आधीं गोठतात त्या बारीक नळ्या, तोट्या आणि पंप. म्हणून पंप गाडीच्या आंत ठेवावा आणि नळी तळांतून सरळ वर न्यावी. भोंवतीं फोमचा थर दिला तर गोठणें लांबतें, टळत नाहीं. कडाक्याच्या थंडींत गाडी उभी ठेवावयाची असेल, तर तळाची तोटी उघडून टाकी रिकामी करणें हाच खरा उपाय. लडाखकडे जाणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. आपल्याकडे त्रास उलटा आहे. उन्हाळ्यांत टाकींतलें पाणी कोमट होतें, आणि 20 ते 45 अंशांच्या दरम्यान लेजिओनेला नांवाचे जंतु सांठलेल्या पाण्यांत वाढूं शकतात. टाकी गाडीखालीं अंधारांत असल्यानें शेवाळ धरत नाहीं, हा एक फायदा. पण आठवडेच्या आठवडे तेंच पाणी राहूं देऊं नये. टाकी व नळ्या खाण्यापिण्याच्या पदार्थांना चालणाऱ्या जातीच्या घ्याव्या, बागेची नळी भरण्यासाठीं वापरूं नये, आणि अधूनमधून जंतुनाशकानें टाकी धुवावी. पिण्याचें पाणी आंत वेगळ्या भांड्यांत ठेवावें, असें माझें मत आहे. टाकीचें पाणी धुण्या-पुसण्याला.

धुतलेलें पाणीहि रस्त्यावर सोडावयाचें नसतें. त्यासाठीं दुसरी टाकी लागते, आणि तिचें वजनहि हिशोबांत धरावें लागतें. भांड्याखालच्या नळीला बांक द्यावा म्हणजे त्यांत पाणी राहून घाण वास वर येत नाहीं, आणि नळीला उतार शेवटपर्यंत असावा. या टाकीची तोटी मात्र मोठ्या तोंडाची घ्यावी; अन्नाचे कण लहान तोटींत अडकतात, आणि मग गाडीखालीं पाठीवर निजून तारेनें तें भोक मोकळें करण्याचें काम घरांतील कोणाला तरी करावें लागतें.