दिघीच्या गवतातले डोळे

टॉर्च कमरेपाशी धरला, तर रात्री दिघीच्या दत्तगडाच्या उतारावर नुसतं गवत दिसतं. तोच कानशिलाला टेकवून धरला की गवताच्या बुडाशी हिरवट ठिपके चमकू लागतात. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांतला थर उजेड आला त्याच दिशेला परतवतो, म्हणून टॉर्च आणि नजर एका रेषेत लागतात. मग ठिपक्यावरचा उजेड न हलवता हळूहळू जवळ जायचं. पाऊल धपकन पडलं की कोळी पसार.

इथे मला जास्त करून भेटतो हिप्पासा. लांडगा-कोळी बहुतेक जाळं न विणता शिकार करतात. हा मात्र गवतात चादरीसारखं जाळं पसरतो आणि त्याच्या नळीच्या तोंडाशी दबा धरून बसतो. पावसाळ्यात मादी अंड्यांची गोल पिशवी पोटाच्या टोकाला चिकटवून हिंडते. पिल्लं बाहेर यायच्या वेळी पिशवीची शिवण तीच उसवते आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढतात. हे पाहायला मिळालं की मी फोटो थोडेच काढतो. बघत राहावंसं वाटतं.

ओळख पटवताना रंगावर विसंबू नये. समोरून चेहरा पाहावा: खाली चार बारीक डोळे, वर दोन टपोरे, त्यांच्या मागे आणखी दोन. झोरॉप्सिडी कुलातले नकली लांडगा-कोळी अंगावरच्या नक्षीने हुबेहूब असेच वाटतात, पण त्यांचे डोळे इतके लहानमोठे नसतात आणि मादी पिशवी ओढत फिरत नाही, एका जागी राखण करते. झोरॉप्सिस स्पिनिमाना ही त्यांतली जाती मूळची भूमध्य सागराभोवतालची. आता ब्रिटन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या घरांतही ती आढळते. पायांवरच्या दाट केसांमुळे काचेवरही चढते. आपल्याला जवळची म्हणजे ‘देवेंद्र’ ही प्रजाती. १९६७मध्ये लेहटिनेन यांनी ती मांडली. तिच्या जाती श्रीलंकेतल्या.

दिघीतल्या कोळ्याची जात ठरवायला मात्र चेहरा पुरत नाही. प्रौढ नर-मादीचे प्रजननाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यासाठी टिकादर आणि मल्होत्रा यांचा १९८०चा ‘फॉना ऑफ इंडिया’मधला लांडगा-कोळ्यांवरचा खंड अजूनही उघडावा लागतो. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीत, म्हणजे दिघीसारखंच पिंपरी-चिंचवड शहरात आहे. दिघीच्या गवतातल्या कोळ्यांची नीट यादी व्हायला हवी, टेकडीभोवती इमारती वाढण्याआधी.