स्वस्त गिटारची जवारी

२००७ साली फेंडर कंपनीने एका गिटारच्या ३०० प्रतिकृती विक्रीला काढल्या, प्रत्येकी २५,००० डॉलरला. मूळ गिटारवरचा ओरखडा न् ओरखडा, सिगारेटचे चटके, गंजके स्क्रू हे सगळं त्यांत हुबेहूब उतरवलं होतं. मूळ गिटार मात्र कॅलिफोर्नियातल्या एडी व्हॅन हेलन नावाच्या तरुणाने सत्तरच्या दशकात सुट्या भागांतून जुळवली होती. कारखान्यात दुय्यम ठरलेली बॉडी ५० डॉलरची, नेक ८० डॉलरचा. पिकअप गिब्सनच्या एका जुन्या गिटारमधून काढलेला. मोठ्या आवाजात तो किंचाळू नये म्हणून एडीने तो वितळलेल्या मेणात बुडवून घेतला. बॉडीतली खाच त्याला पुरेना, तेव्हा छिन्नीने मोठी केली. वर रंग सायकलचा. त्याच्या बँडच्या १९७८च्या पहिल्या अल्बममध्ये जगाने जो आवाज ऐकला, तो या जुगाडाचा.

नव्या गिटारवर कोणी छिन्नी चालवावी, असं मला सुचवायचं नाही. पण स्वस्त गिटार विकत घेणाऱ्याने एवढं ध्यानात घ्यावं की त्या १३० डॉलरच्या गिटारमधला प्रत्येक स्क्रू वाजवणाऱ्याच्या हातून फिरलेला होता. दुकानातून घरी येणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटारींच्या नशिबी असा हात येत नाही.

अशी जोडाजोड मुळात शक्य झाली ती लिओ फेंडरमुळे. हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार त्याला वाजवता येत नसे. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी त्याने १९५० साली जी गिटार बाजारात आणली (पुढच्याच वर्षी तिला टेलिकास्टर हे नाव मिळालं), तिच्याकडे त्याने दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं होतं. व्हायोलिन किंवा जुन्या गिटारींसारखी मान सरसाने चिकटवायची नाही, चार स्क्रूंनी आवळायची. बिघडली की काढायची, दुसरी लावायची. पिकअप, स्विच, जॅक सगळंच सुटं होणारं. पहिल्या काही नगांच्या नेकमध्ये त्याने लोखंडी ट्रस रॉडही घातला नव्हता. मेपल कशाला वाकतंय, असा त्याचा होरा होता. मेपल वाकलं आणि रॉड आला. आज पाना घेऊन दहा-बारा हजारांच्या गिटारचा जो कायापालट करता येतो, तो याच चार स्क्रूंच्या पुण्याईवर.

पुढची गोष्ट जपानची. सत्तरच्या दशकात तिथल्या कारखान्यांनी अमेरिकन गिटारींच्या नकला करायला घेतल्या आणि त्या इतक्या सफाईने केल्या की अमेरिकन कंपन्यांना घाम फुटला. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ साली आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला, तो केवळ गिटारच्या डोक्याच्या आकारावरून. फेंडरने निराळा मार्ग धरला. नकला थांबत नाहीत तर आपणच जपानात गिटारी बनवून घेऊ, म्हणत १९८२ साली स्क्वायर हा स्वस्त ब्रँड काढला. नाव घेतलं मिशिगनमधल्या एका जुन्या, फेंडरने आधीच विकत घेतलेल्या तारांच्या कंपनीचं. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यातून निघालेल्या त्या पहिल्या स्क्वायर आता संग्राहक शोधत फिरतात. जपानमधली मजुरी वाढली तसं हे काम कोरियात गेलं, तिथून चीन आणि इंडोनेशियात. आज मुंबईत धोबीतलावला, १८६५पासून चाललेल्या फुर्टाडोजच्या दुकानात किंवा पुण्यात कुठेही दहा ते पंचवीस हजारांच्या फळीवर जी स्क्वायर, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ, कोर्ट किंवा एपिफोन दिसते, ती बहुधा या दोन देशांपैकी एकातली असते.

एकेकाळी आपल्याकडे हा पर्यायच नव्हता. आयात महाग आणि दुर्मीळ. कॉलेजातली पोरं कोलकात्यात बनलेल्या गिटारींवर शिकायची. त्यांतल्या एका ब्रँडचं नाव ‘गिव्हसन’. कोणत्या कंपनीची आठवण यावी म्हणून ते ठेवलं असेल, हे सांगायला नको.

आता मुद्द्याचं. बॉडी आणि नेक कापण्याचं काम आज संगणकावर चालणारी यंत्रं करतात. यंत्राला पंधरा हजारांची गिटार आणि लाखाची गिटार यांत फरक कळत नाही. दोन्हीकडे खाच तेवढीच नेमकी पडते. म्हणून आजची स्वस्त गिटार चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गिटारपेक्षा कितीतरी चांगली आहे. मग कारखान्याची बचत होते कुठे? थोडी सुट्या भागांत, आणि बरीचशी माणसाच्या वेळात. फ्रेटची टोकं घासून गोल करणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या खाचा तारेच्या जाडीनुसार कानसणं, शेवटी सगळं जुळवून बघणं, ही कामं अजून मोठ्या प्रमाणावर हाताची आहेत. तिथेच मिनिटं वाचवली जातात.

हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. २०२४ साली मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला विचारा, भोपळा आणि लाकूड तेच असताना एक तंबोरा झंकारतो आणि दुसरा ठणठणतो तो कशामुळे. घोडीच्या माथ्यावर कानस फिरवून जवारी काढणारा हात, हेच तो सांगेल. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत त्या कामाला सेटअप म्हणतात. आपल्याकडचे पालक आणि पोरं पिकअप, लाकूड, रंग यांवर महिनोन्‌महिने खल करतात आणि जवारी न काढलेली गिटार तशीच वाजवत बसतात, याचं मला नवल वाटतं.

दुकानात गेल्यावर आधी रंग बघू नये. गिटार डोळ्यासमोर आडवी धरून नेकच्या कडेने नजर टाकावी, बंदुकीचा नेम धरतात तशी. नेकला किंचित बाक असावा, पीळ मात्र मुळीच नको. बाक रॉडने काढता येतो, पीळ सहसा निघत नाही. पहिली आणि सहावी तार दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहे का पाहावं. तळहात नेकच्या कडेवरून फिरवावा. करवतीसारखं टोचलं तर लाकूड सुकून आकसलंय आणि फ्रेटची धातूची टोकं बाहेर आली आहेत. दमट हवेत बनलेली गिटार नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या शोरूममध्ये राहिली की हे होतं. दोष बरा होणारा आहे, पण किंमत पाडून मागायला चांगलं निमित्त. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायची. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावा.

एक गोष्ट ठामपणे सांगतो. या किमतीत तारा दोन्ही टोकांना जखडणारा, फ्लॉइड रोझ पद्धतीचा डोलता ब्रिज घेऊ नये. त्याचं सगळं गणित दोन धारदार कडांवर तोललेलं असतं. स्वस्त धातूत त्या कडा लवकर बोथट होतात आणि गिटार सुरात राहीनाशी होते. पक्का, न हलणारा ब्रिज उत्तम. साधा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो असेल तर मागच्या स्प्रिंगा आवळून तो बॉडीला टेकवून टाकावा.

लाकडाबद्दल मोठी भांडणं आहेत. पॉप्लर वाईट, अल्डर चांगलं, महोगनी राजेशाही वगैरे. पिकअप हे शेवटी चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. पोलादी तार त्याच्यावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. लाकडाचा आवाज तो थेट ऐकतच नाही. नॅशव्हिलचा गिटारवादक जिम लिल याने तर मधे बॉडीच न ठेवता दोन टेबलांच्या मधे तारा ताणून, तेच पिकअप त्याच अंतरावर लावून दाखवलं; आवाज भल्या महाग गिटारच्या इतका जवळ आला की भांडणाऱ्यांची पंचाईत झाली. लाकूड वाजवणाऱ्याच्या हाताला जाणवतं हे खरं, वजन आणि टिकाऊपणाही त्याच्यामुळेच. पण स्वस्त गिटार लाकडापायी नाकारण्यात अर्थ नाही.

तरी लाकडाची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. फिंगरबोर्डला पिढ्यान्‌पिढ्या शिसवी वापरत. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या कुळाचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये परवान्यांत अडकला. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर कंपन्यांनी पर्याय शोधले होते. त्यांतला एक ‘इंडियन लॉरेल’ या नावाने आज अनेक स्क्वायर गिटारींच्या फिंगरबोर्डवर दिसतो. ही जात म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीवरून ओळखू येतो तोच, आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडे ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात तोच. काम चोख करतो. वर्षातून एकदा-दोनदा तेलाचा हात फिरवला की झालं.

सेटअपवाल्याच्या टेबलावर काय होतं ते पाहू. आधी नव्या तारा, सहसा ०.००९ किंवा ०.०१० इंचाच्या संचातल्या. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि बॉडीजवळच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मधल्या फटीत पातळ पातीचा गेज सरकवतात. पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड अॅलन कीने फिरवायचा, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि लाकडाला सवड द्यायची. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, ऑक्टोबर हीटमध्ये सोडतं. त्यामुळे मुंबई-कोकणातल्या गिटारला वर्षातून दोनदा ही तपासणी लागते. नंतर ब्रिजवरच्या सॅडलची उंची. फेंडरच्या स्वतःच्या मापानुसार स्ट्रॅटोकास्टरवर सतराव्या फ्रेटपाशी तारेखाली १.६ मिलिमीटर अंतर असावं. शेवटी बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे न्यायचं.

पण खरी जवारी नटमध्ये आहे. नट म्हणजे खुंट्यांखालची ती इवलीशी प्लास्टिकची पट्टी. स्वस्त गिटारमध्ये तिच्या खाचा घाईने पाडलेल्या, म्हणून उथळ. तार उंच राहते, पहिल्या तीन फ्रेटवर जास्त दाबावी लागते, दाबली की ताणून बेसूर होते. शिकाऊ मुलं एफ कॉर्डपाशी हताश होऊन गिटार माळ्यावर टाकतात, त्यांतली कित्येक या अर्ध्या मिलिमीटरपायी. खाच अरुंद असेल तर दुसरं दुखणं. खुंटी फिरवताना सूर हलत नाही आणि मग एकदम ‘टिंग’ होऊन पुढे उडी मारतो. लोक खुंट्यांना शिव्या देतात, महागडे ट्यूनर बदलतात, टिंग तशीच. चांगला कारागीर खाचेत तारेच्या जाडीची कानस दोन-चार वेळा ओढतो, पेन्सिलीच्या शिशाची पूड भरतो. याच कामासाठी गिटारच्या किमतीचा दहावा भाग बाजूला ठेवून खरेदीला जावं.

विजेचं दुखणं निराळं. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची गुणगुण पकडतो. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून तिथली घरघर बी सुराच्या खालून वाजते. आपली ५० हर्ट्‌झची, जवळजवळ जी. सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने १९५५ साली दोन उलट वेटोळी जोडून ही घरघर कापली, तोच हंबकर. हेवी मेटल वाजवायचं असेल तर सरळ हंबकरची गिटार घ्यावी. तारांना हात लावल्यावर थांबते ती खरखर मात्र वेगळी. ती आपल्या अंगाने गोळा केलेली असते. तिच्यावर पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून आतून वेढा देणं, हा शे-दोनशे रुपयांचा इलाज चालतो. आणि अॅम्पची तिसरी पिन कापून तो दोन पिनी प्लगात खुपसू नये. जुन्या वाड्या-चाळींत अर्थिंग असतंच असं नाही, ते आधी तपासून घ्यावं. इथे जिवाशी गाठ आहे.

पिकअप बदलायचेच असतील तर शेवटी. एकेरी वेटोळ्याच्या स्वस्त पिकअपात पोलादी खिळ्यांखाली एक सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. महागात प्रत्येक खिळाच अल्निकोचा चुंबक. आवाजात फरक पडतो, सिरॅमिक जरा कडक बोलतं, पण ते वाईटच असं नाही. त्याआधी व्हॉल्यूमची बटणं पाहावीत: एकेरी वेटोळ्याला २५० किलो-ओहम, हंबकरला ५००, असा रिवाज आहे. ढिला जॅक आवळायला तर पैसेही पडत नाहीत. आणि सोबत फुकट आलेला दहा वॉटचा डबा ज्याला दुकानदार अॅम्प म्हणतो, तो पिकअपच्या आधी बदलावा. हजारोंचे पिकअप त्या चार-पाच इंची स्पीकरमधून ऐकण्यात काहीच हशील नाही.

घातलेले पैसे परत मिळतील ही आशा ठेवू नये. जुन्या बाजारात पंधरा हजारांच्या गिटारला पंधरा हजारांच्या गिटारचीच किंमत येते, आत पिकअप कोणताही असो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, पिशवीत घालून नाव लिहून ठेवावा. विकायची वेळ आली की मूळचे भाग परत बसवावेत. चांगले ट्यूनर आणि पिकअप काढून पुढच्या गिटारला घालावेत. नट तेवढा तिथेच राहू द्यावा. तो त्याच नेकच्या मापाने घासलेला असतो.