दगडी रोगावर कोरफडीचा लेप : पर्यायी उपचार कोठे आणि किती?

प्रचलित औषधाच्या जागी दुसरी पद्धत वापरली तर तो पर्यायी उपचार होय. तीच पद्धत पशुवैद्यकाच्या औषधासोबत वापरली तर तिला पूरक उपचार म्हणावे. हा फरक लहान वाटला तरी दुभत्या जनावराच्या बाबतीत तो ध्यानात ठेवावा. दगडी म्हणजे कासदाह या रोगात उपचारास उशीर झाला तर सड कायमचा निकामी होऊ शकतो.

दगडी बहुधा सडाच्या छिद्रातून आत शिरलेल्या जिवाणूंमुळे होते. कास सुजते, गरम व लाल होते. दूध पाण्यासारखे पातळ होते किंवा त्यात गाठी येतात. रोज पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात. गाठी असतील तर त्या लगेच दिसून येतात.

लेपाची कृती

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला हा लेप सुरुवातीच्या अवस्थेत उपयोगी आहे.

कोरफड २५० ग्रॅम, हळद पूड ५० ग्रॅम आणि खाण्याचा चुना १५ ग्रॅम घ्यावा. कोरफडीच्या कडेचे काटे काढून तुकडे करावेत व सर्व एकत्र वाटावे. चुन्यामुळे हळदीला लालसर रंग येतो. बाधित सडातील दूध पूर्ण पिळून काढावे. कास स्वच्छ धुऊन कोरडी करावी. मूठभर लेप १५० ते २०० मि.लि. पाण्यात पातळ करून संपूर्ण कासेला लावावा. दिवसातून सुमारे १० वेळा, याप्रमाणे ५ दिवस लावावा. लेप रोज ताजा करावा. धार काढण्यापूर्वी कास धुवावी.

पशुवैद्यकाला केव्हा बोलवावे?

जनावराला ताप असेल, चारा बंद असेल, दुधात रक्त वा पू येत असेल, कास दगडासारखी घट्ट असेल किंवा एक-दोन दिवसांत उतार पडत नसेल, तर केवळ लेपावर विसंबू नये. प्रतिजैविक द्यावे लागले तर मात्रा पूर्ण करावी. पशुवैद्यक सांगतील तितके दिवस दूध विकू नये, घरातही वापरू नये. साध्या दुखण्यात लेपाने काम भागले तर प्रतिजैविकांचा वापर व खर्च कमी होतो, हा त्याचा खरा फायदा आहे.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हा समज चुकीचा आहे. कण्हेर, धोतरा, गुंज याही वनस्पतीच आहेत. पण त्या जनावराचा जीव घेऊ शकतात. म्हणून ओळख, प्रमाण आणि कृती माहीत असेल तेच औषध वापरावे.

लागवड व प्रतिबंध

पाण्याचा निचरा होणाऱ्या बांधावर दीड ते दोन फुटांवर कोरफडीचे मुनवे लावावेत. पाणी साचू देऊ नये. गोठा कोरडा ठेवावा. बाधित जनावराची धार शेवटी काढावी व त्याचे दूध गोठ्यात सांडू नये. धार काढल्यावर सडाचे छिद्र काही वेळ उघडे राहते. म्हणून लगेच चारा टाकावा, म्हणजे जनावर अर्धा तास तरी उभे राहील. हा उपाय बिनखर्चाचा आहे. तो आजच्या धारेपासूनच सुरू करावा.